पंचविसाची कमान

स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आला होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फळं बोराएवढीच उरतात. पण तीच खरी गोड, आधीची नुसती दिखाऊ, असं टोराआजीचं म्हणणं. म्हणून मेरेटे आणि तिची मुलगी आस्ता भर दुपारी शेतात वाकून टोपल्या भरत होत्या. आस्ताच्या डोक्यावर पास झालेल्या मुलांची पांढरी टोपी होती. निकाल लागून पंधरा दिवस झाले, तरी टोपी उतरायला तयार नव्हती. पोहताना तेवढी ती धक्क्यावरच्या खुंटीला टांगून ठेवायची.

परतताना त्यांनी सायकली किनाऱ्याच्या वाटेला घातल्या. एका अंगाला पिवळा पडू लागलेला गहू, दुसऱ्या अंगाला रानगुलाबाची झुडपं, आणि झुडपांत फट पडली की खाली समुद्र. वारा पाठीवर होता. पाय न हलवता सायकल ओलुफच्या गोठ्यापर्यंत जाते, असा दिवस वर्षातून दहा-बारा वेळाच मिळतो. आस्ता पुढून काहीतरी सांगत होती, अर्धं वाऱ्यावर जात होतं, आणि मेरेटे हूं हूं करत होती.

गोठ्याजवळच्या वळणावर ओलुफचा ट्रॅक्टर समोरून आला. मागच्या ट्रॉलीत पाइनच्या हिरव्यागार फांद्यांचा ढीग आणि ढिगावर पाय सोडून बसलेली शेजारची चार माणसं. मेरेटेला बघताच चौघांनी एकदम समुद्राकडे तोंडं फिरवली. ओलुफ शीळ घालू लागला.

"आई, तू काहीएक पाहिलेलं नाहीस," आस्ता म्हणाली. "तिकडे बघ."

मेरेटेनं तिकडे बघितलं आणि सायकल सरळ चरात घातली.

लागलं काही नाही. दोन मुठी स्ट्रॉबेरी मातीत गेल्या. पण मेरेटे तिथंच गवतावर बसून राहिली, ते पडल्यामुळे नव्हतं.

हेलेव्हिग गावात कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, की आदल्या संध्याकाळी शेजारी येऊन दाराभोवती पाइनची कमान बांधतात. वर रुपेरी कागदाचा पंचविसाचा आकडा. सकाळी सातला बँड घेऊन सगळे अंगणात जमतात, गाणं म्हणून जोडप्याला उठवतात, आणि जोडप्यानं आपल्याला काहीच माहीत नव्हतं अशा चेहऱ्यानं कमानीखाली येऊन उभं राहायचं. हे नको असेल, तर वाट एकच. साप्ताहिकात दोन ओळींची जाहिरात द्यायची, की त्या दिवशी आम्ही परगावी आहोत. मग कुणी येत नाही आणि कारणही विचारत नाही.

ती जाहिरात द्यायची हे मेरेटे आणि निसचं एप्रिलमध्येच ठरलं होतं. कारण सप्टेंबरपासून वेगळं राहायचं, हेही त्याच संध्याकाळी ठरलं होतं. आस्ताला नाही, निसच्या आईला टोराला नाही, कुणालाच त्यांनी अजून सांगितलं नव्हतं.

*

निसला आधी तो सील वाटला. चपट्या माशांचं जाळं अर्धं ओढून झालं होतं. होडी धक्क्यापासून बरीच आत होती, आणि पाण्यातून एक ओलं, काळंभोर डोकं सरळ त्याच्या दिशेनं येत होतं. जुलैत सील इतक्या जवळ येत नाहीत, असा विचार करेपर्यंत डोक्याला मेरेटेचा चेहरा आला. तिनं होडीची कड दोन्ही हातांनी धरली आणि दम खाल्ला.

"जाहिरात दिली होतीस ना?"

"कसली जाहिरात?" निस म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला आठवलं. "ती तू देणार होतीस."

"मी?"

"कागदपत्रांचं सगळं तूच बघतेस."

"आणि साप्ताहिकातला तो माणूस तुझ्या वर्गातला. घरी असलास की शुक्रवारी नेमाने भेटता तुम्ही."

निसनं जाळं सोडून दिलं. एक मासा होडीच्या तळाशी फडफडत राहिला. पंचवीस वर्षं त्या घरात एकच न लिहिलेला नियम होता: ज्याला आधी आठवेल त्यानं ते काम करायचं, दुसऱ्यानं विचारायचं नाही. छपराचं कौल असो, टोराचं औषध असो, आस्ताच्या शाळेची सही असो, कधी चुकलं नव्हतं. या वेळी दोघांना एकदमच आठवलं होतं आणि दोघंही निर्धास्त राहिली होती.

"ट्रॉली घरी पोचली असेल एव्हाना," मेरेटे म्हणाली. "बोडिलचीही गाडी दिसली मला. सात तऱ्हेचे केक घेऊन आलेली असणार."

बोडिल म्हणजे निसची थोरली बहीण. ती आली म्हणजे कार्यक्रम आता गावाचा राहिला नाही, कॅलेसनांच्या, म्हणजे निसच्या घराण्याचा झाला. निसनं हात पुढे करून बायकोला वर घ्यायची तयारी दाखवली. ती नको म्हणाली, पाण्यातच बरं वाटतंय. तेव्हा तो होडीत आणि ती पाण्यात, असाच सगळा विचारविनिमय झाला. निसचं म्हणणं, एक तासाचा तर प्रश्न आहे. उभं राहायचं, हसायचं, कॉफी पाजायची. सप्टेंबरात सगळ्यांना कळेलच. तो हे समजुतीच्या सुरात सांगत होता आणि स्वतःलाही ते पटत होतं.

"गावासमोर मी उभी राहीन रे," मेरेटे म्हणाली. "आजीसमोर नाही जमायचं."

आस्ता झाल्यापासून तीही सासूला आजीच म्हणायची.

धक्क्यावर पोरं पालथी पडून खेकडे धरत होती. दोरीला कपड्यांचा चिमटा, चिमट्यात फोडलेला शिंपला. खेकडा वर आला की आरोळी, सुटला की शिव्या. मेरेटे त्यांच्याकडे बघत म्हणाली, "तू सोडून जातोयस याचं मला आता दुःख होत नाही, निस. खरंच नाही होत. पण मी आजीला सोडून चाललेय."

निसनं वल्ही घेतली आणि तिच्या पोहण्याच्या बेतानं होडी हळूहळू काठाकडे आणली.

*

अशा संध्याकाळी जोडप्याला पुढच्या दारी फिरकू देत नाहीत. बोडिलनं दोघांना मागच्या बागेत, आंबट लाल फळांच्या झुडपापाशी दोन खुर्च्यांवर बसवलं, हातात बीअर दिली आणि वळून बघायचं नाही असं बजावलं. मग पुढच्या बाजूनं हातोड्यांचे आवाज येऊ लागले. शिडी सरकली, कुणीतरी आकडा उलटा लावला म्हणून हसू उसळलं. सूर्य अजून चांगला वर होता. खाली खाडीत दोन शिडाच्या होड्या एकमेकींची वाट अडवत डुलत होत्या.

निस आणि मेरेटे गेल्या तीन महिन्यांत एवढा वेळ एका जागी बसली नव्हती. निस पवनचक्क्यांची देखभाल करणाऱ्या बोटीवर. तीन आठवडे समुद्रात, दोन आठवडे घरी. घरी असला की पहिले चार दिवस पाहुण्यासारखा, शेवटचे चार दिवस निघाल्यासारखा. मधले सहा दिवस दोघंही चांगली वागायची. भांडण झालं असतं तर सोपं गेलं असतं. भांडायलाही त्यांना एकमेकांची आठवण येईनाशी झाली होती. तिसरं कुणी नव्हतं, राग नव्हता. एप्रिलमध्ये त्यानं सांगितलं की एस्बियर बंदरात कायमची नोकरी मिळतेय, आणि तिनं विचारलंच नाही की मग आपलं काय. ती म्हणाली, घे. तिथंच दोघांना कळलं.

"ओलुफनं त्याच्या रानातलं चांगलं झाड तोडलंय," निस म्हणाला.

"हो. वास येतोय."

आस्ता गार ताकाचे वाडगे घेऊन आली, लिंबू आणि बिस्किटं घातलेले. तिनं एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघितलं. मग वाडगे गवतावर ठेवले आणि समोर बसली.

"तुमचं काय चाललंय?" ती म्हणाली. "लोक बाहेर तुमच्यासाठी घाम गाळतायत आणि तुम्ही डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखी."

निस सांगायला लागला, थांबला. मेरेटेनं पुरं केलं. चार वाक्यांत झालं. मागून बोडिल ट्रे घेऊन आली होती. तिनं दोन वाक्यं ऐकली आणि ट्रे झुडपावरच टेकवला.

बोडिल ही हिशेबी बाई नव्हे, पण पुढचं बघणारी होती. तिच्या डोळ्यांपुढे आधी आई आली, मग सकाळच्या पाहुण्यांसाठी भाजलेले चाळीस पाव, मग पुन्हा आई. तिनं सांगून टाकलं, की उद्या काही बोलायचं नाही. आईला ऑगस्टमध्ये ऐंशी पुरी होतात. तोवर गप्प राहा, मग मी स्वतः तिला सांगते. निसनं मान हलवली. बहीण-भाऊ एका बाजूला झाले.

आस्तानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. तिचा राग निराळाच होता. "माझ्या परीक्षेसाठी लपवलंत म्हणता. परीक्षा जूनमध्ये संपली. आता आजीच्या वाढदिवसासाठी लपवणार. मग नाताळ येईल." ती आईकडे सरकली. "आई, तू सांग. आत्ता जा आणि आजीला सांग."

मेरेटे म्हणाली, तिला सांगवणार नाही. त्यापेक्षा ती आत्ताच शेवटच्या बसनं सॉनरबॉरला जाईल. तिथं तिनं घेतलेली खोली ऑगस्टअखेर मिळणार आहे, पण किल्ली आजही देतील. सकाळी निसनं सांगावं, की बायकोला बरं नाही.

आस्ता एका क्षणात उठून बोडिलआत्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "नाही," ती म्हणाली. "खोटं हसत उभी राहिलीस तरी चालेल मला. पळालीस तर नाही चालणार."

आता मेरेटे एकटी पडली. पुढच्या दारी कमान बांधून झाली होती. ओलुफ मोठ्यानं म्हणत होता, की मागच्या बागेतली अनोळखी माणसं कोण आहेत त्यांना घेऊन या, त्यांनाही थोडं पाजू. सगळे हसले. बोडिलनं ट्रे उचलला, चेहरा ठीक केला आणि बाहेर गेली. निस तिच्यामागे. जाता जाता तो मेरेटेच्या खुर्चीपाशी थांबला आणि तिच्या केसांत अडकलेली शेवाळाची काडी काढून घेऊन गेला. दोघांपैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही, आस्तानं पाहिलं.

*

टोराचा नेम असा होता: एक मेपासून सप्टेंबर अखेरच्या मिकेलच्या सणापर्यंत रोज सकाळी सहाला समुद्रात उतरायचं, प्रभूची प्रार्थना पाण्यात उभं राहून पुरी करायची आणि बाहेर यायचं. पाऊस असो, वारा असो. पाणी फार थंड असलं की प्रार्थना जरा लवकर आटोपायची. ते देव समजून घेतो, असं ती म्हणे. नवरा होता तेव्हाही आणि गेल्यावरही हा नेम चुकला नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी या घरात सून आली ती समुद्रापासून लांबच्या गावची. पोहणं येत नव्हतं, आणि आई बाराव्या वर्षीच गेलेली. पहिल्या उन्हाळ्यात टोरानं तिला पाठीखाली हात धरून पाण्यावर निजवलं आणि न सांगता हात काढून घेतला. तेव्हापासून दोघी.

त्या सकाळी धक्क्यावरच्या पाटीवर कुणीतरी खडूनं अठरा अंश लिहून ठेवलं होतं. पाणी आरशासारखं. लांबवर डॉल्फिनची काळी पाठ दोनदा वर आली आणि गेली. टोरा लाकडी खडावा काढून शिडीनं उतरली, गळ्यापर्यंत गेली. मेरेटे शेजारी. टोरानं प्रार्थना सुरू केली.

"आजी, निस आणि मी वेगळं होतोय," मेरेटे म्हणाली.

टोरा थांबली नाही. प्रार्थना मध्ये तोडायची नसते. उरलेल्या ओळी तिनं तेवढ्याच आवाजात, तेवढ्याच संथपणे म्हटल्या, आमेन म्हटलं, आणि मग चेहऱ्यावर पाणी मारलं.

"कधी ठरलं?"

"एप्रिलमध्ये."

टोरानं मनात काहीतरी मोजलं. "आजची त्र्याहत्तरावी सकाळ. म्हणजे बहात्तर वेळा तू माझ्याबरोबर इथं उतरलीस. देवाचं नाव घेतलंस, आणि माझ्याशी बोलली नाहीस."

"मला वाटलं, बोलले की हे बंद होईल."

टोरा वळली आणि शिडीकडे गेली. पहिल्या पायरीवर मेरेटे नेहमी तिचा कोपर धरायची. आज टोरानं कोपर अंगाशी घेतला. एकेक पायरी मोजून ती वर चढली, झगा अंगाभोवती गुंडाळला आणि पाठीमागे न बघता चढणीला लागली. मेरेटे पाण्यातच राहिली, ओठ निळे पडेपर्यंत.

चढणीवर टोराला दोनदा थांबावं लागलं. मुलाचा विचार तिला आला, पण तो फार वेळ टिकला नाही. निसला तिनं जन्म दिला होता. तो एस्बियरला राहो नाही तर चंद्रावर, तिचाच. त्यात कुणाच्या सहीची गरज नव्हती. मेरेटेचं तसं नव्हतं. ती कुठल्या नात्यानं येणार, आणि आपण कुठल्या नात्यानं तिला बोलावणार? सून नाही म्हटलं की मग उरतं काय, त्याला या गावात शब्द नव्हता. लोक नमस्कार करतात, हवापाण्याचं बोलतात, आणि दोन-तीन वर्षांत तेही राहत नाही. तिनं असं होताना पाहिलं होतं, चांगल्या चांगल्या घरांत.

ओलुफच्या गोठ्यातून कर्णे जुळवल्याचे बेसूर आवाज येत होते. टोरा अंगणापलीकडच्या आपल्या लहान घरात शिरली आणि तिनं दार लावून घेतलं.

*

सातला पाच मिनिटं कमी असताना कॅलेसनांच्या बंद दारामागे चौघं उभी होती. मेरेटेचे केस ओले, अंगात घाईनं चढवलेला निळा झगा. बोडिलनं चुलीवर कॉफीची दोन मोठी भांडी ठेवली होती.

"मी आजीला सांगितलं," मेरेटे म्हणाली.

"आजच?" निस म्हणाला. "कुठं?"

"पाण्यात. त्या मागे न बघता गेल्या."

बोडिलनं कपाळाला हात लावला आणि मग तोच हात मेरेटेच्या पाठीवर ठेवला. तिला काही तरी कठोर बोलायचं होतं. निघालं एवढंच, की अंगात काहीतरी गरम घाल. आस्ता खिडकीच्या पडद्याआडून बघत होती. अंगण भरलं होतं. शेजारीपाजारी, शाळेतल्या बाया, खालच्या तळावर तंबू ठोकून राहिलेलं एक जर्मन कुटुंबही कौतुकानं आलेलं. ध्वज काठीवर चढला होता. आजी कुठं दिसत नाही, आस्ता म्हणाली.

कर्णे वाजले आणि सकाळचं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं होईपर्यंत दार उघडायचं नाही हा रिवाज. ती चौघं आत ताटकळली, बाहेरचे सूर दारातून आत आले, आणि मेरेटेला वाटलं की इतकं सुंदर तिच्यासाठी कुणी कधी गायलं नव्हतं आणि हे ऐकायचा तिला काही हक्क नाही. निस तिच्याकडे बघत होता. तो तासाभराचं खोटं मनात घोकून आला होता. हसायचं कसं, हात कुठं ठेवायचा, सगळं. तिची मान बघून ते त्याच्याच्यानं होईना.

कडवं संपताच त्यानं दार उघडलं आणि एकटा पुढे झाला. कमान दाट होती, हिरवी, दंवानं भिजलेली. वर पंचवीस नीट सरळ. कर्णे थांबले. लोक त्याच्या मागे बायको येण्याची वाट बघत होते.

"मॉयन," निस म्हणाला. सगळ्यांनीही नमस्काराला मॉयन म्हटलं. "साप्ताहिकात आम्ही एक जाहिरात द्यायची होती. ती राहिली. दोघांनाही वाटलं, दुसऱ्यानं दिली." कुणीतरी हसलं. "तीत लिहायचं होतं, की बारा जुलैला आम्ही परगावी आहोत. आता आहोत इथंच. पण सप्टेंबरपासून मी एस्बियरला असेन आणि मेरेटे सॉनरबॉरला. म्हणजे वेगवेगळे. तुम्ही एवढं झाड तोडलंत, बांधलंत, आणि आम्ही हे असं. भांडण काही नाही. पंचवीस वर्षं खोटी नव्हती. एवढंच सांगायचं होतं. कॉफी तयार आहे."

कुणाला कळेना काय करावं. ओलुफनं कर्णा ओठांजवळ नेला आणि पुन्हा खाली घेतला. जर्मन बाईनं नवऱ्याला विचारलं, काय म्हणाला. नवऱ्यालाही कळलं नव्हतं. मेरेटे उंबऱ्यावर आली होती, तिथंच थांबली. कमानीखाली यावं की आत जावं हे तिला ठरवता येईना, आणि अंगणभर लोक तिच्या अनवाणी पायांकडे बघत राहिले.

तेवढ्यात पलीकडचं लहान दार वाजलं. टोरा आली. अंगात चर्चचा काळा पोशाख, गळ्याशी चांदीची पिन, आणि केस मात्र ओलेच. लोकांनी वाट दिली. ती घाई न करता अंगण ओलांडून आली, कमानीपाशी थांबली आणि मुलाकडे वर बघितलं.

"सरक," ती म्हणाली.

निस सरकला.

टोरा कमानीखाली गेली, उंबऱ्यावरून सुनेला हाताला धरून पुढे घेतलं आणि आपल्या शेजारी उभं केलं. मग लोकांकडे वळली. तिचा आवाज मोठा नव्हता. मागच्यांना पुढं झुकावं लागलं.

"पंचवीस वर्षांपूर्वी ही या अंगणात आली, तेव्हा मीही इथंच उभी होते," ती म्हणाली. "त्यांचं त्यांनी ठरवलंय, ते त्यांचं. माझं मला कुणी विचारलेलं नाही. ओलुफ, अजून दोन कडवी राहिलीत."

ओलुफनं बँडकडे बघितलं, बँडनं ओलुफकडे. मग कर्णे वाजले, आधी चाचरत आणि मग नीट. दुसऱ्या कडव्याला सगळे आले. बोडिल कॉफीचं भांडं घेऊन दारात आली, काय चाललंय ते बघून तिनं भांडं भावाच्या हातात दिलं आणि डोळे पुसायला आत गेली. निस भांडं घेऊन पायऱ्या उतरला. गर्दीत आस्ताच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि आपल्या आईकडे आणि बायकोकडे बघत इतरांबरोबर गाऊ लागला. त्याला गाता येत नव्हतं. आस्तानं कोपर मारलं, तरी तो थांबला नाही.

कमानीखाली टोरानं मेरेटेचा हात आपल्या काखेत दाबून धरला होता. अजूनही तिच्याकडे बघत नव्हती, समोर बघूनच गात होती. दोन कडव्यांच्या मध्ये कर्णे एकटेच वाजतात, तेवढ्यात ती तशीच समोर बघत म्हणाली, "सॉनरबॉरहून पहिली बस किती वाजता?"

"पाच दहाला," मेरेटे म्हणाली. "सहाला दहा कमी असताना धक्क्याशी येते."

टोरानं मान हलवली, आणि तिसरं कडवं घेतलं.